डोक्यातला किडा नेमका कुठे वळवळतो? (डोपामिन, कुतूहल आणि रात्रीचे अडीच)

सतरा_प्रश्न

तीन आठवड्यांपूर्वी एकदा रात्री अकराच्या सुमाराला सहज मनात आलं की ऑक्टोपसला तीन हृदयं कशाला लागत असतील, म्हणून फोन हातात घेतला. उत्तर दोन मिनिटांत मिळालं (दोन हृदयं कल्ल्यांमधून रक्त ढकलायला, एक बाकीच्या शरीरासाठी), मग त्याचं रक्त निळं का, तर त्यात लोहाऐवजी तांबं असतं म्हणून, मग तांब्यावरून आणखी कुठेतरी, तिथून आणखी कुठेतरी, आणि घड्याळ बघितलं तर अडीच वाजलेले. सकाळी आठवायला बसले तर ऑक्टोपस लख्ख आठवत होता आणि साडेबाराच्या पुढचं जवळजवळ काहीच नाही. तेव्हापासून एकच विचार चाललाय की डोक्यात हा जो किडा वळवळतो तो नेमका असतो कुठे आणि त्याला चारा कोण घालतं.

माझं शिक्षण वेगळ्या विषयातलं आहे, पण गेले तीन आठवडे यावर मिळेल ते वाचतेय आणि जे समजलं ते इथे मांडतेय. कुठे चुकत असेल तर जाणकारांनी जरूर सांगा.

सगळ्यात आधी माझाच एक समज मोडला. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं आपण सगळीकडे वाचतो, लाईक आला की डोपामिन, गोड खाल्लं की डोपामिन. हा समज आला कुठून? १९५४ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनी एक निबंध छापला. ते उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून काम करत होते, एका उंदराची तार ठरवलेल्या जागेऐवजी भलतीकडेच बसली, आणि टेबलाच्या ज्या कोपऱ्यात त्याला हलका करंट दिला होता त्याच कोपऱ्याकडे तो परत परत यायला लागला. मग त्यांनी करंट सुरू करायचा लेव्हरच उंदरांच्या हाती दिला, तर उंदीर तासाला शेकडो वेळा, पुढच्या प्रयोगांत तर हजारो वेळा तो दाबत बसले. सगळ्यांनी त्याचा अर्थ काढला की सापडलं सुखाचं केंद्र. पुढे त्या वाटेवरून डोपामिन वाहतं हे कळलं आणि 'सुखाचं रसायन' हे नाव त्याला चिकटलं ते आजतागायत.

पण त्या उंदराला मजा येत होती हे कोणी विचारलं होतं? तो दाबत होता एवढंच दिसत होतं. मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवून बघितलं. ते उंदीर समोर खाणं ठेवलेलं असून त्याला तोंड लावेनात, तसंच सोडलं असतं तर उपाशी मेले असते, पण त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी सोडलं की इतर उंदरांसारखेच ओठ चाटायचे. आवडणं शाबूत होतं, हवंसं वाटणं तेवढं गेलं होतं. बेरिज यांनी तेव्हापासून या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आणि मला वाटतं या सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. मी माझ्यापुरते त्यांना 'ओढ' आणि 'मजा' असे शब्द ठरवलेत. डोपामिन मुख्यतः ओढीचं. मजा देणारी यंत्रणा वेगळी आणि त्यात मेंदूतली अफूसारखी रसायनं म्हणजे ओपिऑइड्स यांचा वाटा मोठा.

यात कुतूहल कुठून आलं? व्होल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांच्या एकेका डोपामिन-पेशीचे सिग्नल मोजले होते. सुरुवातीला फळांचा रस तोंडात पडला की पेशी तडतडायची. काही दिवसांनी माकडाला समजलं की दिवा लागला म्हणजे रस येणार, तेव्हा पेशी दिव्याला तडतडायला लागली आणि प्रत्यक्ष रसाला गप्प. दिवा लागूनही रस आला नाही तर पेशी नेहमीपेक्षाही शांत व्हायची. म्हणजे ती मोजत होती ती 'वाटलं होतं त्याच्यापेक्षा किती जास्त किंवा कमी' ही तफावत. १९९७ साली पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्याबरोबर त्यांनी हे गणितात मांडलं.

आणि मग २००९ चा तो प्रयोग, जो वाचून मी खरंच उठून खोलीत फेऱ्या मारल्या. ईथन ब्रॉमबर्ग-मार्टिन आणि ओकिहिदे हिकोसाका. तहानलेल्या माकडांना थोड्या वेळाने पाणी मिळणार, कधी जास्त कधी कमी, त्यांच्या हातात काहीच नाही. फक्त एवढी निवड होती की 'किती मिळणार ते आधी कळेल' किंवा 'कळणार नाही'. कळल्यामुळे पाण्याचा एक थेंबसुद्धा वाढत नव्हता. तरी माकडं काही दिवसांत जवळजवळ दर वेळी कळण्याच्या बाजूनेच जायला लागली, आणि ज्या डोपामिन-पेशी पाण्याची वर्दी द्यायच्या त्याच 'आता कळणार' याचीही वर्दी द्यायला लागल्या. ज्या पेशीला पाणी मोलाचं तिला नुसती माहितीही मोलाची!

आता माझे दोन प्रश्न. एक म्हणजे ऑक्टोपस का लक्षात राहिला आणि बाकीचं का गेलं. आणि दुसरा, अडीच वाजेपर्यंत जे मला खेचत होतं त्याला कुतूहल म्हणायचं का? तुमचे अनुभव लिहा.

---

जुनी_टॉर्च

वाचनखूण साठवली. फार मनापासून लिहिलंय.

भाषेतली एक गोष्ट सांगावीशी वाटते. जिज्ञासा हा शब्द संस्कृतात ज्या साच्यातून येतो तो 'इच्छा' दाखवणारा साचा आहे. पा म्हणजे पिणे, त्यावरून पिपासा, पिण्याची इच्छा. भुज् म्हणजे खाणे, त्यावरून बुभुक्षा. तसंच ज्ञा वरून जिज्ञासा. म्हणजे तहान, भूक आणि जाणून घ्यायची ओढ हे तिन्ही शब्द एकाच ठशातून काढलेले आहेत. तुमची माकडं वाचताना पहिलं हेच आठवलं.

---

सतरा_प्रश्न

टॉर्चकाका, तुम्ही हे लिहिलंत आणि मला काटा आला, कारण २०२० मध्ये नेमका याच अर्थाचा एक अभ्यास छापून आलाय. लोकांना जादूचे प्रयोग दाखवायचे आणि विचारायचं की यातली ट्रिक जाणून घ्यायची का, पण त्यासाठी शॉक बसायचा धोका पत्करायला लागेल. त्याच लोकांना उपाशी ठेवून खाण्याचे फोटो दाखवून तसंच विचारायचं. दोन्हीकडे लोक धोका पत्करत होते आणि दोन्ही वेळा स्ट्रायटम म्हणजे जिथे डोपामिन सगळ्यात जास्त पोचतं तोच भाग पुढे होता. बुभुक्षा आणि जिज्ञासा, शब्दशः.

---

चौथी_बाजू

चांगलं लिहिलंय पण एक शंका. हल्ली जे ते डोपामिनवर ढकलायची फॅशन आहे. माणूस अभ्यास करतो ते डोपामिन, करत नाही तेही डोपामिन. माणसाला कुतूहल वाटतं कारण जग इंटरेस्टिंग आहे, त्याला रसायनाची काय गरज? शिवाय माकडाला पाण्याची माहिती हवी होती, ते शेवटी पाण्याचंच ना.

---

पिंजरा_क्र_९

मी उंदरांच्या मेंदूवर काम करते, डोपामिन मोजणं हेच रोजचं काम, म्हणून जरा लांब लिहिते.

चौथी_बाजू, तुमच्या शंकेचा दुसरा भाग रास्त आहे आणि तो लोकांनी आधीच विचारलेला आहे. १९५०च्या आसपास हॅरी हार्लो यांनी माकडांना कड्या-खिट्या असलेली कोडी दिली, सोडवून काहीही मिळत नव्हतं, तरी माकडं तासन्‌तास ती सोडवत बसली. त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट बटलर यांनी १९५३ मध्ये माकडांना बंद पेटीत ठेवलं. तिला छोटी खिडकी होती आणि योग्य रंगाचं दार ढकललं तर ती उघडून बाहेर बघता यायचं. बक्षीस म्हणजे फक्त बघणं. माकडं ते शिकली आणि दमेपर्यंत करत राहिली. त्यामुळे माहितीची भूक खाण्यापिण्याच्या मागून आलेली आहे असं म्हणायला जागा नाही.

पहिल्या भागाबद्दल. जग इंटरेस्टिंग आहेच, पण त्यातलं काय इंटरेस्टिंग हे प्रत्येक क्षणी कोणीतरी ठरवायला लागतं. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज न्यूरॉन म्हणजे मज्जापेशी आहेत आणि त्यात डोपामिन बनवणारे जेमतेम ४ ते ६ लाख. एवढे थोडे असून त्यांचे फाटे सगळीकडे पसरलेले, एकेक पेशी लाखो ठिकाणी पोचते. ही रचना बारीकसारीक माहिती वाहून न्यायची नाहीये. 'इकडे लक्ष द्या, इथे काहीतरी मिळेल' अशी दवंडी पिटायची ही रचना आहे. बातमी काय आहे ते बाकीचा मेंदू बघतो.

आता धागाकर्तीच्या मांडणीत एक भर. डोपामिन एकटं नाही. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा अगदी चिमुकला पुंजका आहे, लॅटिन नावाचा अर्थ 'निळा ठिपका', तिथून नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन सगळ्या मेंदूला जातं. हातातल्या कामाला चिकटून राहायचं का सोडून दुसरीकडे चाचपायचं हा तोल त्याच्याकडे असावा असं गॅरी अ‍ॅस्टन-जोन्स आणि जोनाथन कोहेन यांनी २००५ मध्ये मांडलं. याचा बाहेरून दिसणारा पुरावा म्हणजे डोळ्याची बाहुली, कुतूहल चाळवलं की ती मोठी होते. शिवाय अ‍ॅसिटिलकोलिन हे आणखी एक रसायन आहे, ते नवीन काही समोर आलं की आठवणींच्या कप्प्याला 'जुनं बाजूला ठेव, हे नवं नोंदव' असं काहीसं सांगतं. माझ्या मते या तिघांना एकत्र बघितल्याशिवाय कुतूहल कळत नाही, आणि नुसत्या डोपामिनवर लिहिलेले लेख वाचले की मला अस्वस्थ व्हायला होतं.

---

चौथी_बाजू

खिडकीचा प्रयोग माहीत नव्हता. माघार घेतो. दवंडी हा शब्द एकदम पटला.

---

तिसरा_तास

मी शाळेत विज्ञान शिकवते. ऑक्टोपसच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं माझ्याकडे आहे.

कॅल्टेक या कॅलिफोर्नियातल्या संस्थेत २००९ साली कॉलिन कॅमेरर यांच्या गटाने लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले, प्रत्येक प्रश्नाला 'किती उत्सुकता वाटते' आणि 'उत्तर किती खात्रीने माहीत आहे' हे विचारलं. उत्सुकता सगळ्यात कमी कुठे? जिथे काहीच कल्पना नाही तिथे, आणि जिथे पक्कं माहीत आहे तिथेही. सगळ्यात जास्त मधोमध, जिथे उत्तर जिभेवर आल्यासारखं वाटतं पण येत नाही. जॉर्ज लोवेनस्टाईन यांनी १९९४ मध्ये हेच वेगळ्या शब्दांत सांगितलेलं की कुतूहल म्हणजे माहीत असलेलं आणि नसलेलं यांच्यातल्या फटीची जाणीव. फट दिसायला दोन्ही काठ दिसावे लागतात ना. माझ्या वर्गात नवीन धडा एकदम सुरू केला की तीस डोळे छताकडे, आणि आधी अर्धवट माहीत असलेलं काही विचारलं, म्हणजे आकाश निळं का हे विचारून कोणीतरी 'समुद्रामुळे' म्हणालं आणि दुसरा म्हणाला 'मग समुद्र नसतो तिथे?', की मग घंटा झाली तरी मुलं उठत नाहीत.

दुसरा अभ्यास २०१४ चा, मॅथायस ग्रुबर आणि चरण रंगनाथ यांचा. यात प्रश्न दाखवल्यावर उत्तर लगेच द्यायचे नाहीत, १४ सेकंद थांबवायचे, आणि त्या मधल्या वेळात एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवायचे, ज्याचा प्रश्नाशी काही संबंध नाही. नंतर अचानक चेहऱ्यांची परीक्षा घेतली. ज्या प्रश्नांची उत्सुकता जास्त होती त्यांची उत्तरं तर जास्त लक्षात राहिलीच, पण त्या थांबण्याच्या काळात दिसलेले चेहरेही जास्त लक्षात राहिले! फरक खूप मोठा नव्हता पण होता. आणि ज्यांच्या मेंदूत त्या १४ सेकंदांत डोपामिनवाला मधला भाग आणि हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी नोंदवणारा भाग, हे दोन्ही जास्त जागे होते, त्यांच्यात तो जास्त दिसला.

त्यामुळे सतरा_प्रश्न, ऑक्टोपसच्या वेळी तुमच्याकडे प्रश्न होता आणि तो थोडा वेळ का होईना डोक्यात राहिला होता. नंतरच्या गोष्टींना प्रश्नच नव्हता, उत्तरं आपोआप समोर येत होती. वाट बघायची वेळच आली नाही, मग हिप्पोकॅम्पसला जागं कोणी करायचं?

हे वाचल्यापासून मी वर्गात प्रश्न विचारून लगेच हात वर करायला सांगत नाही. मनातल्या मनात दहा अंक मोजते. पहिले काही आठवडे ती शांतता मलाच सहन व्हायची नाही. पण आता मागच्या बाकावरच्या ज्या मुलांचा आवाज कधी ऐकला नव्हता ती बोलायला लागलीत, आणि त्याचं मला किती बरं वाटतं ते इथे शब्दांत सांगता येणार नाही.

---

बाळाची_आत्या

तिसरा_तास +१

आमचं बाळ अकरा महिन्यांचं आहे, हातात आलेली प्रत्येक वस्तू खाली टाकतं, उचलून दिली की परत टाकतं. सगळे म्हणतात हट्टी आहे. याचाही तुमच्या या विषयाशी काही संबंध असेल का?

---

पिंजरा_क्र_९

असेल नाही, आहेच. एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी २०१५ मध्ये नेमकं अकरा महिन्यांच्या बाळांवर काम केलं. बाळांना एक खेळण्यातली गाडी भिंतीतून आरपार गेल्यासारखी दाखवली, काहींना गाडी फळीवरून पुढे जाऊन अधांतरी तरंगल्यासारखी दाखवली. मग ती गाडी बाळाच्या हातात दिली. भिंतीतून जाताना बघितलेली बाळं ती आपटून बघत होती, आणि तरंगताना बघितलेली बाळं ती खाली टाकून बघत होती. म्हणजे जी अपेक्षा मोडली नेमकी तीच तपासत होती. ज्यांना सगळं नेहमीसारखं घडताना दाखवलं त्या बाळांना त्याच गाडीत इतका रस नव्हता. यात मेंदूतली रसायनं मोजलेली नव्हती, पण 'वाटलं होतं तसं झालं नाही' ही जी तफावत शुल्ट्झ यांच्या माकडांमध्ये दिसली तिचंच हे वागण्यातलं रूप आहे असं मला वाटतं. आत्या, देत राहा उचलून.

---

पानगळ_२

खूप दिवस वाचनमात्र आहे, आज लिहायला धीर केला.

माझ्या वडिलांना पार्किन्सन आहे. ते आयुष्यभर फार चौकस माणूस, प्रत्येक गोष्ट कशी चालते ते बघायचे, पेपरातलं शब्दकोडं सोडवल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही. निदान व्हायच्या बहुतेक दोन वर्षं आधी त्यांचं ते सगळं हळूहळू थांबलं, कोडं तसंच पडून राहायला लागलं. आम्हाला वाटलं वय झालं, किंवा मन लागत नाही. हात थरथरायला लागला तेव्हा कुठे कळलं.

औषध सुरू झाल्यावर सुरुवातीला फार बरं वाटलं. मग गोळी वाढवली, आणि साधारण वर्षभराने त्यांनी घरातली घड्याळं उघडायला सुरुवात केली. पहिल्यांदा आम्ही आनंदाने बघत बसलो की बाबा परत आले. पण ते उघडायचे, स्क्रू आकाराप्रमाणे लावायचे, परत मिसळायचे, परत लावायचे, जोडायचे कधीच नाहीत. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत. अडवलं की चिडायचे, जे आयुष्यात कधी चिडले नव्हते. ज्या डॉक्टरांना दाखवत होतो त्यांना सांगितलं तर ते म्हणाले छंद आहे, करू द्या. आता हा धागा वाचून पोटात गोळा आलाय. हे त्या औषधामुळे असू शकतं का?

---

मज्जारज्जू

पानगळताई, मी न्यूरॉलॉजीत काम करतो. इथून निदान करता येत नाही आणि करूही नये, पण तुम्ही जे लिहिलंय ते आम्हाला ओळखीचं आहे आणि त्याला नावही आहे, 'पंडिंग'. हा शब्द स्वीडनमध्ये अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक घेणाऱ्या लोकांच्या बाबतीत १९७०च्या दशकात वापरात आला, तेही वस्तू उघडत आणि लावत बसायचे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. १९५७ च्या सुमारास आर्विद कार्लसन यांनी दाखवलं की डोपामिन हे मेंदूत स्वतंत्रपणे काम करणारं रसायन आहे. त्यांनी एका औषधाने सशांना पार निपचित केलं आणि डोपामिनचा कच्चा माल, म्हणजे लेव्होडोपा टोचून परत हिंडतं-फिरतं केलं. त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. तेच लेव्होडोपा आजही पार्किन्सनचं मुख्य औषध आहे. दुसऱ्या प्रकारची औषधं म्हणजे डोपामिनची नक्कल करणारी, प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल वगैरे. ती डोपामिनच्या ज्या ग्राहींना (म्हणजे पेशींवर रसायन जिथे चिकटतं त्या जागांना, रिसेप्टर्सना) विशेष चिकटतात त्या ग्राही हालचालीपेक्षा ओढीशी संबंधित भागात जास्त आहेत. २०१० मध्ये तीन हजारांवर पेशंटचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात १३.६ टक्के लोकांना जुगार, खरेदी, खाणं, लैंगिक वागणं यापैकी कशावर तरी ताबा राहिलेला नव्हता, आणि नक्कल करणारी औषधं घेणाऱ्यांत हे प्रमाण जास्त होतं.

आधी रस जाणं हेही आजाराचाच भाग असतं बऱ्याचदा. त्याला आम्ही अ‍ॅपथी म्हणतो, ते डिप्रेशनपेक्षा वेगळं असतं, माणूस दुःखी नसतो, त्याला कशाची ओढच वाटत नसते. तुमच्या वडिलांनी दोन्ही टोकं बघितली असं दिसतंय.

एक हात जोडून विनंती, गोळी स्वतःहून अजिबात बंद करू नका, ही औषधं एकदम थांबवली तर फार त्रास होतो. सगळं तारीखवार लिहून काढा, घड्याळांचे फोटो काढा आणि पार्किन्सन बघणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. आणि यात तुमची किंवा त्यांची काहीही चूक नाही.

---

पानगळ_२

मनापासून आभार. उद्याच अपॉइंटमेंट घेते.

---

बंद_पाकीट

पानगळ, काळजी घ्या तुम्हीही.

मला उलटा प्रश्न पडलाय. माहिती जर एवढी गोड असेल तर मी माझा टेस्टचा रिपोर्ट चार दिवस न उघडता का ठेवला होता? ईमेल आलेला दिसत होता. काही निघालं नाही त्यात, पण ते चार दिवस विसरत नाही.

---

सतरा_प्रश्न

बंद_पाकीट, तुम्ही एकटे नाही. हंटिंग्टन नावाच्या आनुवंशिक आजाराचं जनुक १९९३ मध्ये सापडलं, तेव्हापासून पक्की टेस्ट आहे, आणि तरी ज्यांच्या आईवडिलांपैकी कोणाला तो आजार आहे अशांतले बहुसंख्य लोक ती करून घेत नाहीत. जेम्स वॉटसन, डीएनएची रचना शोधणाऱ्यांतले, त्यांनी २००७ मध्ये स्वतःचा अख्खा जीनोम, म्हणजे जनुकांचा पूर्ण आराखडा, जगासमोर ठेवला, पण अल्झायमरच्या धोक्याशी संबंधित एक जनुक तेवढं मला सांगू नका म्हणाले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही एक पान झाकून ठेवावंसं वाटलं.

टाली शॅरॉट यांच्या गटाचं यावर काम आहे. चांगली बातमी असायची शक्यता जास्त असेल तर लोक ती कळावी म्हणून जास्त धडपडतात, वाईट असायची शक्यता असेल तर कमी. म्हणजे मेंदू माहितीचा उपयोग किती तेवढंच बघत नाही, ती कळल्यावर कसं वाटेल याचाही हिशेब करतो, आणि हे दोन्ही त्या डोपामिनच्याच वाटेवर एकमेकांत मिसळलेले दिसतात. तुमचे ते चार दिवस म्हणजे 'कळू दे' आणि 'नको कळू दे' यांची मेंदूतली रस्सीखेच होती असं मला वाटतं.

---

जुनी_टॉर्च

आणि कधीकधी वाईट आहे हे माहीत असूनही हात जातोच की. शिकागोमध्ये क्रिस्टोफर शी आणि बोवेन रुआन यांनी २०१६ साली दाखवलं ना, टेबलावर पेनं ठेवलेली, काही दाबली की शॉक, काही साधी, आणि काही अशी की शॉक बसेल का नाही ते माहीत नाही. रिकाम्या बसलेल्या लोकांनी ती माहीत नसलेलीच जास्त दाबून बघितली.

---

नवा_सभासद_७७

कुतूहल जन्मजातच असतं ना मग? ते एक जनुक आहे म्हणतात, भटक्या स्वभावाचं.

---

पिंजरा_क्र_९

डीआरडी४ म्हणताय तुम्ही. १९९६ मध्ये दोन अभ्यास आले की या जनुकाचा लांब प्रकार असलेल्यांना नावीन्याची ओढ जास्त. नंतर बऱ्याच जणांनी पडताळून पाहिलं आणि तो संबंध नीट टिकला नाही. एका जनुकात स्वभाव नसतो.

याच ओघात, डोपामिन-पेशी ५०-५० अनिश्चिततेला सगळ्यात जास्त तडतडतात असा २००३ चा निष्कर्ष सगळीकडे दिला जातो, त्यावरही वाद आहे. याएल निव्ह आणि इतरांनी दाखवलं की अनेक वेळचे सिग्नल एकत्र करून सरासरी काढली की तसा आकार आपोआप येऊ शकतो. जुगाराच्या मशीनवर लिहिताना लोक हे सोडून देतात म्हणून सांगितलं.

---

सतरा_प्रश्न

पिंजराताई, बरं झालं सांगितलंत, मी ते लिहिणारच होते आणि ऐन वेळी काढलं.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला आता थोडं दिसायला लागलंय. गेले दहा दिवस एक करून बघतेय. काही डोक्यात आलं की फोन न उघडता आधी कागदावर प्रश्न लिहायचा आणि त्याखाली स्वतःचा अंदाज लिहायचा, मगच शोधायचं. अंदाज चुकला तर उत्तर जास्त लक्षात राहतंय (कॅमेरर यांच्या गटालाही आठवड्या-दोन आठवड्यांनी तेच दिसलं होतं, उत्सुकता जास्त असेल तर चुकलेल्या अंदाजाचं खरं उत्तर जास्त टिकतं). आणि गंमत म्हणजे अर्धे प्रश्न लिहून झाल्यावर मला शोधावेसेच वाटत नाहीत, त्यांच्यात फटच नव्हती, नुसता चाळा होता. साडेबारानंतरचं जे होतं ते हेच असावं. पुढची ओळ, त्याच्या पुढची ओळ, ओढ तशीच चालू पण कळल्याचा तो 'अच्छा!' वाला क्षण कुठेच नाही. तो क्षण बहुधा मजेच्या यंत्रणेचा आहे. अर्विंग बीडरमन आणि एडवर्ड व्हेसल यांनी २००६ मध्ये तसं सुचवलंय, कारण बघितलेल्याचा अर्थ लावणाऱ्या भागांकडे जावं तसे ओपिऑइडच्या ग्राही वाढत जातात. ही अजून कल्पनाच आहे, पण माझ्या कागदाशी जुळते.

कालचा प्रश्न होता, चिखलात पडलेलं कमळाचं बी किती वर्षं जिवंत राहू शकतं. माझा अंदाज वीस वर्षं. खरं उत्तर हजाराच्या वर, चीनमधल्या एका कोरड्या पडलेल्या तळ्यातली तेवढी जुनी बियाणं रुजवून दाखवलीयत. हे मी आता मरेपर्यंत विसरणार नाही.

---

तिसरा_तास

कागदाची कल्पना उचलतेय वर्गासाठी. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही असा नियम करते.

---

पानगळ_२

दोन महिन्यांनी येतेय, धागा वर काढल्याबद्दल माफ करा, पण मज्जारज्जू यांना सांगायचं होतं.

नव्या डॉक्टरांनी फोटो बघून लगेच ओळखलं. ती नक्कल करणारी गोळी हळूहळू कमी करत आणलीय आणि लेव्होडोपाचे डोस बदललेत. मधले तीन आठवडे फार अवघड गेले, चिडचिड, घाम, झोप नाही. आता बाबा रात्री झोपतात. चालणं आधीपेक्षा थोडं मंद झालंय, ते आम्ही पत्करलंय.

काल दुपारी ते स्वतःहून त्या घड्याळांबद्दल बोलले. मी विचारलं, बाबा, तुम्हाला एवढं आवडायचं का ते? ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आवडत नव्हतं गं. एकदासुद्धा मजा आली नाही. पण हात थांबत नव्हते."

मग त्यांनी सतरा घड्याळांतलं एक मागून घेतलं, तासाभरात जोडलं, आणि कानाला लावून बसले.